तुर्न्यूला पोहोचायला एकोणचाळीस वर्षं

टार्निट, ८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आज ज्येष्ठ मंडळात मी सगळ्यांना गार केलं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये जमतो आणि एक जण ‘माझं गाव’ या विषयावर बोलतो. कोल्हापूर, रत्नागिरी, धुळे झालं; पुणं दोनदा झालं, कारण पुणेकरांचं एकदा बोलून भागत नाही. मंडळाचं सगळं कौमुदीताई बघतात. त्या म्हणाल्या, “प्रल्हादराव, मे महिना तुमचा. सांगली ना?”

मी म्हटलं, “तुर्न्यू.”

“हे कुठं आलं?”

“फ्रान्समध्ये. सोन नदीच्या उजव्या काठाला. मोठा मठ आहे तिथे.”

“तुम्ही कधी गेला होतात?”

“नाही. पण काही बिघडत नाही.”

सांगलीवर काय बोलायचं? सांगली तिथेच आहे आणि आज ना उद्या आम्हीही तिथेच जाणार आहोत. आठवणी सांगत बसायला मी काही गाव सोडून आलेलो नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथे मेलबर्नला लेकीकडे, मैथिलीकडे, दोन वर्षांसाठी म्हणून आलो, ती दोन वर्षं थोडी लांबली, इतकंच. इथे कायम राहायचा परवाना, तो पीआर, काय, सोयीसाठी घेतलाय.

तुर्न्यू मला नातीमुळे सापडलं. निहारिका नववीत आहे, शाळेत फ्रेंच शिकते. वर्गात प्रत्येकाला एकेक छोटं गाव दिलं होतं. तिने नकाशा काढला आणि नदीचा बाण उत्तरेकडे दाखवला. मी म्हटलं, “अगं, ही नदी दक्षिणेला लिऑनकडे वाहते. तू तिला डोंगर चढायला लावलंस.” ती म्हणाली, “आजोबा, इट्स लिटरली जस्ट ॲन ॲरो.” चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला हे सांगते! बाण पुसायला लावला. तिचा प्रकल्प आठवड्यात संपला, माझा चालूच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सोन ही नदी आपल्या कृष्णेसारखीच आळशी आहे. तुर्न्यूच्या आसपास किलोमीटरला काही सेंटिमीटर उतार, बस्स. अशी नदी दिसायला गरीब असते आणि पसरली की आठवडाभर हलत नाही. पूर्वेला ब्रेसचं सपाट मैदान, तिकडे पाणी मोकाट पसरतं. पश्चिमेला माकोनेच्या टेकड्या, त्यावर द्राक्षांचे मळे. या दोन्हींच्या मधे, काठावरच्या जराशा उंचवट्यावर गाव, नदीला समांतर लांबट वसलेलं. रोमन सैन्याने धान्याचं कोठार बांधायला हीच जागा निवडली होती. मलाही कुणी विचारलं असतं तर मी हीच दाखवली असती.

१८४० साली सोनेला ऐतिहासिक पूर आला. आकडे वाचताना मला सांगलीच्या आयर्विन पुलावरची आमची पातळीची पट्टी दिसत होती. २०१९ ला सत्तावन्न फूट. गावभागातल्या आमच्या घरात पाणी चढायला लागलं की ठरलेलं असायचं, आधी देव माडीवर, मग माणसं, मग टीव्ही. २०१९ ला माझा धाकटा भाऊ यतिन देवांची पेटी डोक्यावर घेऊन बोटीत बसला होता.

आमची ही, चित्रा, हल्ली पॅन्ट्रीत जास्तच वेळ घालवते. सकाळी आंघोळ झाली की आधी तिकडे जाते आणि दार लोटून घेते. वरच्या फळीवर स्टीलचा एक डबा आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. काल निहारिका खिचडीसाठी त्यातले तांदूळ घ्यायला गेली तर आजी ओरडलीच. माझी खात्री आहे की त्यात चिवडा आहे. माझी साखर वाढल्यापासून ही बाई घरात हेरगिरी करते.

२ मार्च, रविवार

यतिनचा फोन. जूनमध्ये सांगलीचं घर सोडून तो मुलाजवळ पुण्याला जातोय. मुलाचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, दोन खोल्यांचा.

“दादा, देवांचं काय करायचं? तू थोरला. टाक तुझ्याकडे यायला हवेत. तू ये आणि घेऊन जा.”

आमचे पाच टाक आहेत, चांदीचे: खंडोबा, तुळजाभवानी, जोतिबा आणि दोन पूर्वजांचे. सोबत बाळकृष्ण आणि सुपारीचा गणपती. थोरल्याकडे देव, हा आमच्याकडचा नियम. इकडे येताना मी ते यतिनच्या हवाली केले ते दोन वर्षांपुरतेच. मी त्याला सांगितलं, “देव कृष्णाकाठ सोडणार नाहीत. मी आलो की बघतो.”

“तू कधी येणार?”

“ठरवतो.”

“हे तू मागच्या दिवाळीतही म्हणाला होतास.”

मी जरा आवाज चढवला. फोन ठेवल्यावर चित्रा म्हणाली, “भावजींचं काही चुकलं नाही.” इथे आम्ही गणपतीच्या तसबिरीवर भागवतो आणि अजून तरी काही अडलेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

भाषणाचा गाभा मिळाला.

तुर्न्यूचा मठ मुळात तुर्न्यूचा नाहीच. ते साधू पश्चिमेच्या समुद्रातल्या न्वारमूतिए नावाच्या बेटावरचे. त्यांच्या संस्थापक संताचं, फिलिबेरचं, शरीर तिथे दगडी पेटीत पुरलेलं होतं. दर उन्हाळ्यात उत्तरेकडचे चाचे जहाजं घेऊन लुटायला यायचे. साधूंनी तोडगा काढला. किनाऱ्यापासून आत देआस नावाच्या जागी दुसरं घर बांधलं. उन्हाळ्यात तिकडे राहायचं आणि हिवाळ्यात चाचे गेले की बेटावर परत. सहा महिने इथे, सहा महिने तिथे!

मी उठून चित्राला वाचून दाखवलं. “बघ, बाराशे वर्षांपूर्वी आपलीच योजना!” आमचंही असंच ठरलं होतं: मेलबर्नचा हिवाळा सांगलीत, सांगलीचा उन्हाळा मेलबर्नला.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “आणि मग किती वर्षं चाललं त्यांचं हे?”

मी पुढचं पान वाचलं नव्हतं. वाचलं. पंधरा-वीस वर्षं चाललं. ८३६ साली त्यांनी पेटी जमिनीतून काढली, देआसला नेली आणि बेट सोडलं.

आमचं एकदाही नाही चाललं, हे तिने बोलून दाखवलं नाही. पहिल्या वर्षी मैथिलीचं ऑपरेशन निघालं, दुसऱ्या वर्षी निहारिकाची नवी शाळा. अडचणी कुणालाही येतात.

२५ मार्च, मंगळवार

चित्रा पॅन्ट्रीत मोजपट्टी घेऊन उभी. मला विचारते, “अहो, पूर्व नक्की कुठली हो? इथे सूर्य उत्तरेकडून जातो, माझा घोळ होतो.” मी फोनवरचं होकायंत्र काढून दाखवलं. म्हणाली, डबे नीट लावायचेत. डब्यांना दिशा कशाला लागते कोण जाणे, पण बायकांच्या स्वयंपाकघरात मी डोकं घालत नाही.

सांगलीहून तिला जावेचा फोन आला होता. पाऊण तास बोलत होत्या.

६ एप्रिल, रविवार

आज मन लागत नाहीये, तेही लिहून ठेवतो.

देआसलाही चाचे पोहोचले. ८५८ साली साधू पुढे निघाले ते ल्वार नदीकाठच्या क्युनोला. या वेळी जड दगडी पेटी मागेच ठेवली, फक्त अस्थी घेतल्या. तिथून ८६२ मध्ये मेसे, मग सें-पूर्सें, आणि शेवटी ८७५ साली राजाने सोनेकाठची तुर्न्यूची जागा दिली. म्हणजे समुद्रापासून सरळ फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला.

८७५ वजा ८३६. एकोणचाळीस वर्षं. मी वहीत हिशेब मांडला. वीस वर्षांचा साधू निघाला असेल तर पोहोचताना एकोणसाठ. त्या काळात किती जण एकोणसाठ गाठत असतील? म्हणजे खांद्यावर अस्थी घेऊन तुर्न्यूत शिरले त्यांतल्या बहुतेकांनी ते बेट पाहिलंही नसणार. एखादा म्हातारा असेल, तो सांगत असेल की आमच्याकडे वारा असा होता, मिठागरं अशी होती. बाकीचे हो हो म्हणत असतील.

टिपणांच्या वहीत मी एक पान ‘परतीचा प्रवास’ असं लिहून मोकळं ठेवलं होतं. सहा रात्री शोधतोय. ते पान अजून कोरं आहे. निहारिकालाही फ्रेंच साइटवर शोधायला लावलं. ती म्हणाली, “आजोबा, देअर्स नथिंग. दे जस्ट, लाइक, स्टेड.”

बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसांचं मला इतकं वाईट का वाटावं, कळत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज पुन्हा ताळ्यावर. मठाचं बांधकाम वाचलं. काय डोकं चालवलंय! सन हजारच्या सुमाराचं काम. दोन्ही बाजूंना छोट्या दगडांचे जाडजूड गोल खांब, नक्षी नाही की काही नाही. छताला लांबलचक एकच कमान घालायची सोडून यांनी ओळीने आडव्या कमानी टाकल्या. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीवर रेलते आणि दोघींचा रेटा एकमेकींत जिरतो. त्यामुळे भिंतींवर भार कमी, म्हणून खिडक्या उंच काढता आल्या आणि आत भरपूर उजेड. कुणी बाहेरून आलेल्या लोकांनी असं बांधलं म्हणजे कमालच आहे. परत जायचं असणारा माणूस इतकं पक्कं बांधत नाही, हा मुद्दा मी वहीत लिहिला आणि मग खोडला.

आणखी एक मजा. हे साधू गेले तेव्हा तुर्न्यू रिकामं नव्हतं. तिथे आधीच एक संत होता, वालेरियन, त्याच गावात मारला गेलेला, आणि त्याच्या समाधीजवळ छोटा मठ होता. आलेल्यांनी त्याला हलवलं नाही. दोघे संत एकाच छपराखाली राहिले. पुढे सत्तर वर्षांनी एका सरदाराने साधूंवर बाहेरचा मठाधिपती लादला, तर हे गडी अस्थी उचलून तडक सें-पूर्सेंला चालते झाले. तीन-चार वर्षांनी मनधरणी करून त्यांना परत आणावं लागलं. अशी ताठ माणसं मला आवडतात.

१९ एप्रिल, शनिवार

चित्राशी भांडण झालं. हातचं न राखता लिहितो.

यतिनचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, देव गावातल्या एखाद्या देवळात ठेव, मी आल्यावर घेईन. चित्राने माझ्या हातातून फोन काढून घेतला. “भावजी, देवळात नाही ठेवायचे. ते इकडे येतायत.” आणि फोन बंद.

मी म्हणालो, “तू कोण ठरवणार? आमच्या घराण्याचे देव आहेत. सात पिढ्या कृष्णेचं पाणी घेतलंय त्यांनी. नदी सोडून यायचे नाहीत.”

तिने फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “मी सोडली नव्हती नदी?”

“काय?”

“वाशिष्ठी. चिपळूणहून कुंभार्ली घाट उतरून... नाही, चढून आले मी तुमच्याकडे. बावीस वर्षांची. मांडीवर रुमालात अन्नपूर्णा होती, आईने दिलेली. तेव्हा मला कुणी विचारलं होतं, नदी सोडून येतेय का म्हणून? तिला विचारलं? तुमच्या देवांच्या ओळीत शेवटी एका कोपऱ्यात बसवली तिला. मी एकेचाळीस वर्षांत एकदा तरी म्हटलं का, की आम्ही दोघी दोन वर्षांसाठी आलोय?”

मी काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून बोललो, “मग तुझी अन्नपूर्णाही सांगलीलाच आहे ना? ती बरी राहिली.”

तिने मला हाताला धरून पॅन्ट्रीत नेलं. वरचा डबा काढून झाकण उघडलं. तांदळात अन्नपूर्णा उभी होती, हळदीकुंकू लावलेली, ताजं फूल वाहिलेलं.

“पर्समध्ये घालून आणली होती. पहिल्या दिवसापासून इथेच आहे. तुम्हाला अडीच वर्षांत कळलं नाही.”

मी चिवडा समजत होतो. हे सांगायची हिंमत झाली नाही.

मला फार लाज वाटली. जिच्या हातचं रोज जेवतो तिने देव कुठे ठेवलाय हे मला माहीत नव्हतं.

२३ एप्रिल, बुधवार

चार दिवस कामापुरतं बोलणं. भाषण थांबलंय.

१० मे, शनिवार

भाषण झालं. चांगलं झालं. उत्तम झालं म्हणायलाही हरकत नाही.

निहारिकाने पडद्यावर नकाशे दाखवले. बाण दक्षिणेकडे होता. मी उतार, पूर, कमानी सगळं सांगितलं. आडव्या कमानींना टाळ्या पडल्या, हे इंजिनिअर म्हणून मला फार बरं वाटलं. साधूंचा प्रवास सांगताना हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

शेवटी कौमुदीताईंनी विचारलं, “प्रल्हादराव, मग बेटावर परत कोण गेलं?”

वही उघडीच होती. ‘परतीचा प्रवास’. पान कोरं.

मी म्हटलं, “कुणी नाही.” मग वाटलं, इतकंच सांगणं बरोबर नाही, म्हणून पुढे बोललो. “निघाले ते बहुतेक वाटेतच गेले. पोहोचले त्यांनी बेट पाहिलेलं नव्हतं. पण गावाने त्यांना हजार वर्षं आपलं म्हटलंय. दगडी पेटी मागे राहिली, त्याने काही अडलं नाही. त्यांच्याबरोबर जायचं ते गेलं.”

चित्रा तिसऱ्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे बघून बोलत होतो हे माझ्या नंतर लक्षात आलं.

धुळ्याचे शंतनूराव उभे राहिले. सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, एरवी क्रिकेटशिवाय बोलत नाहीत. म्हणाले, “आमचे देव अजून बॅगेत आहेत हो. सहा वर्षं झाली. आता जाऊ, मग जाऊ, करता करता उघडलीच नाही बॅग.” त्यांच्या बायकोने त्यांना खाली बसवलं. मग चहा झाला.

घरी येताना गाडीत चित्रा म्हणाली, “चांगलं बोललात.” मी म्हटलं, “सांगलीला जाऊन येतो.” ती म्हणाली, “जाऊन या.”

कशासाठी, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एवढं कळत होतं की इकडे परतीचं तिकीटही काढायचं आहे.

५ जून, गुरुवार. सांगली

घर निम्मं रिकामं. यतिन थकलेला दिसतो. मला बघून म्हणाला, “दादा, तू आलास!” आणि रडला. मी त्याला फोनवर किती बोललो होतो.

सागवानी देव्हारा मला न्यायचा होता. तीन फूट उंच. मैथिलीला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, लाकडाचं इतकं मोठं काही आणू नका प्लीज. क्वारंटाइनमध्ये अडकलं तर काय करणार? फक्त देव आणा ना.” मी तासभर फुरंगटून बसलो. मग देव्हारा समोरच्या मेधाताईंना दिला. त्यांची सून दर गुरुवारी पोथी वाचते, तिला उपयोग होईल.

८ जून, रविवार. सांगली

सकाळी यतिन आणि मी देवांना घेऊन घाटावर गेलो. टाक ताम्हणात ठेवून कृष्णेच्या पाण्याने आंघोळ घातली. पाणी अजून खाली आहे. मला सांगायचं होतं, की आम्ही निघालो, येतो. जमेना. पंचवीस पावसाळे पुरांचे अहवाल लिहिलेला मी, नदीशी चार शब्द बोलू शकलो नाही. यतिननेच बोलून टाकलं: “बाई, नीट राहा. घरं बुडवू नकोस.”

चित्राने निघताना वाशिष्ठीला काय सांगितलं होतं, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

१५ जून, रविवार. टार्निट

सकाळी विमान उतरलं. विमानातच कार्ड भरलं होतं. त्यावर एक प्रश्न आहे: पुढचे बारा महिने ऑस्ट्रेलियात राहण्याचा विचार आहे का? मागे मी ‘नाही’वर खूण केली होती. या वेळी ‘होय’वर केली. पेन नीट उमटेना म्हणून दोनदा गिरवलं.

धान्य, बिया आणल्यात का, तिथेही प्रामाणिकपणे ‘होय’ म्हटलं. मग मला वेगळ्या रांगेत पाठवलं. निळ्या हातमोज्यांतली एक तरुण मुलगी होती. तिने पेटी उघडली, टाक एकेक करून कापडावर मांडले. खंडोबाचा घोडा तिला आवडला. “गॉड्स?” म्हणाली. मी म्हटलं, “फॅमिली गॉड्स.” “लव्हली. नो वरीज विथ सिल्व्हर.”

मग तिने कुंकू लागलेली सुपारी उचलली. “अँड धिस?”

“दॅट इज गणपती.”

तिने सुपारी उलटसुलट करून पाहिली. “सर, धिस इज अ सीड.”

चूक माझीच. सुपारीचा गणपती म्हणजे एक बी आहे, हे सत्तर वर्षांत मला कधी सुचलंच नव्हतं. अक्षताही गेल्या. पण पूजेतला गणपती असा कुणाच्या हाती द्यायचा कसा? मी तिला म्हटलं, “वन मिनिट, प्लीज.” डोळे मिटून मनातल्या मनात उत्तरपूजा केली, देवाला निरोप दिला, सुपारी जराशी हलवली. “नाऊ इट इज ओन्ली अ सीड. यू कॅन टेक.”

ती थट्टा करेल असं वाटलं होतं. तिने सुपारी दोन्ही हातांनी घेतली. टाक पुन्हा कापडात गुंडाळताना विचारलं, “अँड द रेस्ट? आर दे व्हिझिटिंग?”

“नो,” मी म्हटलं. “दे आर स्टेइंग.”

घरी आलो तर पॅन्ट्रीतली वरची फळी रिकामी केलेली. पूर्वेकडे तोंड करून लाल कापड अंथरलेलं, समई घासून ठेवलेली. अन्नपूर्णेचा डबा चित्राने सवयीने उचलून कडेला, कोपऱ्यात सरकवला होता आणि मधली जागा टाकांसाठी मोकळी ठेवली होती.

मी डबा उचलला आणि मधे ठेवला.

“अहो, मधे तुमचा खंडोबा.”

“ती इथे आधी आली आहे,” मी म्हटलं. “आम्ही आज आलो. आम्हाला कडेला चालेल.”

चित्राने पदर डोळ्यांना लावला. मग एकेक टाक माझ्या हातातून घेऊन अन्नपूर्णेच्या दोन्ही बाजूंना बसवले.